संशयाची पाराशा

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ही शंका पहिल्या ओळीपासूनच आहे, आणि शेवटपर्यंत ती जाईल असं वाटत नाही. मी ज्यू नाही. हिब्रूचं एक अक्षर मला ओळखता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही कॉमर्सचा. धर्मावर जाणते लोक बोलायला लागले की मी मागच्या खुर्चीवर बसतो आणि चहा कधी येतो ते बघतो. तेव्हा खाली काही चुकीचं उतरलं असेल तर ती चूक माझ्या ऐकण्याची समजावी, सांगणाऱ्याची नाही. जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

पण यंदाही दसरा झाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत पिवळं पडलं, भाताच्या लोंब्या खाली झुकल्या, आणि दानियल सरांनी पुढच्या खोलीतून हाक मारली, "नरेश, चला, पुन्हा पहिल्या पानावर." ती हाक ऐकली आणि मला तो पहिल्या वर्षाचा हंगाम आठवला. आठवला म्हणजे अंगावर आला. गेले काही दिवस तो जात नाही, म्हणून लिहितो आहे.

रत्नागिरीत मी ज्या घरी राहतो ते जांभ्या दगडाचं, चढावरचं घर दानियल सरांचं. सर अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी फ्लोराबाई इथे आले. मुलं इस्रायलला गेली, मागची खोली रिकामी झाली, ती मला मिळाली. पहिल्या दिवशी मी दाराशी उभा राहिलो, तर चौकटीच्या उजव्या बाजूला तिरकी बसवलेली बोटाएवढी पितळी डबी दिसली. ती बेल समजून मी दाबली. पुन्हा दाबली. खिडकीतून आवाज आला.

"दाब, दाब. वीज नाही त्यात, देवाचं वचन आहे. बेल खाली आहे."

त्या फ्लोराबाई. त्यांनी दार उघडलं पण वाट दिली नाही.

"कुठचा तू?"

"खेडकडचा."

"खेडकडचा म्हणजे खेडचा नव्हे. एसटी जाते तिथपर्यंतचा, की एसटी परत फिरते तिथून पुढचा?"

"पुढचा," मी म्हणालो.

"मग ये आत. तिथून पुढची माणसं खोटं बोलायला दमलेली असतात."

घरी फोनवर सांगितलं तर बाबांनी चौकशी सुरू केली. बाबांनी मुंबईत बरीच वर्षं वॉचमनकी केली. आता शेती बघतात, पण कोण, कुणाकडे, कशाला, हे तीन प्रश्न त्यांच्या जिभेवरून उतरलेले नाहीत. मालकाचं नाव दानियल म्हटल्यावर ते म्हणाले, "ख्रिस्ती?" मी म्हटलं, नाही, ज्यू. "म्हणजे कोण?" ते मलाही सांगता येईना. मागून आईचा आवाज आला, "अवो, शनवारतेली असतील. माझी आजी सांगायची, खाली दर्याकडं व्हते. शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे."

"शनवारी घाणा बंद ठेवून करायचे काय?" बाबांनी विचारलं, जणू तेव्हाच कुणीतरी चौकशी करायला हवी होती.

काय करायचे ते मला हळूहळू कळलं. कळण्याआधी मी एक घोळ घातला. एका शुक्रवारी संध्याकाळी फ्रीज उघडला तर आतला दिवा बंद. मला वाटलं बल्ब गेला. शनिवारी सकाळी मोठ्या इमानदारीने नवीन बल्ब आणून बसवला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. फ्लोराबाईंनी कपाळाला हात लावला. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्याकडे दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही. फ्रीजचं दार उघडलं तरी दिवा लागतो, म्हणून दर शुक्रवारी बल्ब त्या स्वतःच काढून ठेवायच्या. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्यांनी फ्रीजला हात लावला नाही. कालवण आत, आणि आम्ही तिघं बाहेर पोहे खात बसलेलो.

सरांना काचबिंदू. अक्षर दिसायचं बंद झालेलं. दसऱ्याच्या आगेमागे त्यांनी मला विचारलं, "शुक्रवारी दुपारी चार पानं वाचून दाखवशील का? मराठीच आहे." त्यांच्या धर्मग्रंथाचे, तोराचे, वर्षभर पुरतील असे भाग पाडलेले असतात. दर आठवड्याला एक. त्याला पाराशा म्हणतात. शेवटचा भाग वाचून झाला की त्याच बैठकीत पुन्हा पहिला उघडायचा, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. त्यांच्या देवळात, सिनेगॉगमध्ये, हे चामड्याच्या गुंडाळीतून वाचतात, पण त्यासाठी दहा पुरुष लागतात आणि इथे मोजायला गेलं तर सर एकटे. म्हणून जाड मराठी पुस्तक, आरामखुर्ची आणि मी.

मी हो म्हणालो, पण मनातून घाबरलो होतो. वाचताना माझं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. हे लोक आपल्याला गोड बोलून बाटवणार नाहीत ना, ही शंका माझी एकट्याची नव्हती. बाबांनी ती मला पुढच्या खेपेला बसमध्ये बसवताना डब्याबरोबर बांधून दिली होती. दुसऱ्याच शुक्रवारी सर म्हणाले, "तुझा आवाज शब्दागणिक मागे सरतोय रे. बाटवतील म्हणून भितोस?"

मी पुस्तकाचं पान उगाच सपाट केलं.

"आमच्यात यायचं म्हटलं तर आधी तीनदा हाकलून देतात. तुझ्या कॉलेजची ॲडमिशन बरी."

"आणि आत येऊन करणार काय?" फ्लोराबाई आतून म्हणाल्या. "कोळंबी बंद होईल. खेडचा पोरगा कोळंबीशिवाय महिनाभर तरी जगेल का?"

मी हसलो. पण संशय गेला नाही, एवढं कबूल करतो. तो फक्त बसायची जागा बदलून बसला.

खरं सांगायचं तर त्या हंगामात आमचं सगळं घरच संशयाने भरलेलं होतं. माझा दादा, मंगेश, जुलैत घर सोडून गेला होता. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत तो शिफ्टला जायचा. कंपनीची बस पहाटे फाट्यावर यायची. दोन लावण्या त्याने नाईट करून सकाळी चिखलात उतरून काढल्या. त्या वर्षी लावणी संपली आणि त्याने सांगितलं, "मी काम सोडलं. ह्या वासात मी म्हातारा नाय व्हणार." पर्मनंट व्हायच्या तोंडावर. बाबा बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, "मग ह्या घरात पाय ठेवू नको." तो गेला. त्याचा नंबर बंद लागायला लागला. घरात फोन एकच, बाबांचा. माझा फोन रत्नागिरीला आल्यावर घेतलेला, त्याचा नंबर दादाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तो गणपतीला आला नाही.

कोकणाबाहेरच्या माणसाला हे वाक्य किती जड आहे ते सांगता येणार नाही. माणूस कुठेही असो, कर्जात असो, भांडणात असो, गणपतीला येतो. न आलेल्या माणसाबद्दल गाव दोनच गोष्टी समजतो, आणि दोन्ही मोठ्याने बोलत नाही. त्याने बाहेरच कुठेतरी संसार मांडला, ही पहिली. दुसरी शेजारच्या काकीने पितृपक्षात आईच्या कानाशी सांगितली. "वहिनी, राग नको धरू. पण एक पान त्याच्या नावानं बाहेर ठेवून बघ. कावळा काय करतो ते तरी कळंल." आई चुलीपुढून उठली, काकीचा हात धरला आणि तिला अंगणाच्या कडेपर्यंत नेऊन सोडलं. बाबांनी मात्र त्या दिवसापासून दादाचं नाव घेणं बंद केलं. मला कळेना, ते कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवून गप्प बसलेत.

असा मी, मनात हे सगळं घेऊन, त्या आरामखुर्चीसमोर पहिलं पान वाचत होतो. आदाम झाडांमध्ये लपतो आणि देव विचारतो, तू कुठे आहेस? सरांनी हात वर केला. "थांब. देवाला माहीत नाही?"

"माहीत असणार."

"मग विचारतो कशाला?"

मी म्हणालो, "संशय आला असेल."

सर खूश झाले. "घे. संशय घेतच वाच. आमच्याकडे मुकाट्याने वाचणं म्हणजे न वाचणं. शब्द दोनदा आला तर का आला, आला नाही तर का नाही. पुस्तकाला उलटतपासणीला उभं करायचं. मी व्याकरणाचा मास्तर झालो तो ह्याच सवयीने." मग म्हणाले की जुने लोक असं सांगतात, देवाने माहितीसाठी विचारलं नाही. लपलेल्याला उत्तर देता यावं म्हणून विचारलं.

त्याच पाराशात पुढे काइन आपल्या भावाला मारतो. भाऊ कुठे आहे विचारल्यावर म्हणतो, मला काय माहीत, मी काय भावाचा राखणदार आहे? हे वाचलं आणि शनिवारी कापणीला घरी गेलो. भात कापून खळ्यात आणत होतो. बांधावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय रं, मंगेश कुठं असतो हल्ली?" त्याच्या विचारण्यात चव होती. मी वाकल्यावाकल्या म्हणालो, "मला काय माहीत? मी काय त्याच्या राखणीला बसलोय?" आणि विळा हातातच राहिला. आधल्या दिवशी वाचलेलं वाक्य माझ्या तोंडून, खेडच्या बोलीत, जसंच्या तसं बाहेर आलं होतं. त्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही. तो विडी काढत पुढे गेला.

त्यानंतर मी शुक्रवारची वाट बघायला लागलो. धडा मिळावा म्हणून नाही, पुढे कोण कुणाला फसवतं ते बघायला. आणि त्या पहिल्या पुस्तकात भाऊ भावाला फसवतातच. महापूर ओसरला का बघायला नोहा तारवातून, म्हणजे मोठ्या बोटीतून, कावळा सोडतो, तर तो दूर जातच नाही, भोवतीच घिरट्या घालतो. सरांनी सांगितलं, कावळ्यालाच नोहाचा संशय आला होता, मलाच का बाहेर काढतो म्हणून. मला अंगणाच्या कडेपर्यंत नेलेली काकी आठवली, पण मी ते बोललो नाही. पुढे आंधळा इसहाक थोरल्याचं सोंग घेऊन आलेल्या धाकट्या मुलाचे हात चाचपतो. हात एकाचे वाटतात, आवाज दुसऱ्याचा. त्याला संशय येतो, तो तसं बोलूनही दाखवतो, आणि तरीही आशीर्वाद देतो.

"हे बरोबर केलं का त्याने?" मी विचारलं.

सरांनी खुर्चीचा हात चोळला. "माझी नजर गेल्यापासून मला तो माणूस जास्त कळतो," ते म्हणाले. "सगळे संशय फिटल्यावरच हात डोक्यावर ठेवायचा म्हटलं, तर हात खालीच राहतो."

सहामाही परीक्षा आली, गेली. थंडी पडली. आंब्यांना मोहोर धरायला लागला, आणि मोहोर दिसला की इथे आनंदाआधी काळजी सुरू होते. ढग आलं की बागायतदार आभाळाकडे चोरट्या नजरेने बघतात. अशाच एका मळभाच्या दिवशी आईचा फोन आला. ती हळू बोलत होती. "कुणाचा तरी फोन आला व्हता बाबांना. बोलला, तुमचा थोरला आमच्या हितं हाय. बाबांनी ठेवला. परत आला, परत ठेवला. आता तो नंबरच ब्लॉक करून टाकलान."

मी म्हणालो, "बरं केलं. हल्ली असेच फोन येतात. मुलाला पकडलंय सांगतात, आणि मग लुबाडतात." कॉलेजमध्ये आम्हाला हे भाषणात सांगितलं होतं. आईला शहाणपण शिकवल्याचं मला समाधानही वाटलं.

त्या शुक्रवारची पाराशा योसेफची होती. भावांनी विकलेला योसेफ मिसर म्हणजे इजिप्त देशात मोठा अधिकारी होतो, आणि अखेर भाऊ म्हाताऱ्या बापाला, याकोबाला, येऊन सांगतात की तो जिवंत आहे. पुढचं वाक्य वाचलं आणि मी थांबलो. बापाचं काळीज थंड पडलं, कारण त्याने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

"का थांबलास?" सर म्हणाले.

मी फोनची गोष्ट सांगितली. दादाची सगळीच सांगितली, पहिल्यांदाच. फ्लोराबाई शनिवारसाठी नारळाचं दूध काढत होत्या, त्या हात न धुता दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझा ह्या योसेफवर एक जुना राग आहे," सर म्हणाले. "इतकी वर्षं तो तिथे मोठ्या खुर्चीवर. बापाला एक निरोप धाडता आला नाही? ह्यावर शेकडो वर्षं डोकी फुटलीत. एक जण म्हणतो, योसेफलाच बापाचा संशय होता. भावांकडे त्याला बापानेच धाडलं होतं. आणि मग कोणी शोधायलाही आलं नाही. त्याला वाटलं, बापाने मला टाकलं. बाप तिकडे मुलगा मेला समजून रडतोय आणि मुलगा इकडे बापाने टाकलं समजून गप्प बसलाय."

"बायकांच्या हातात असतं तर पहिल्याच आठवड्यात निरोप गेला असता," फ्लोराबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे दादावर संशय घेत होतो. तो आमच्यावर घेत असेल, हे कुणाच्याही मनात आलं नव्हतं. खरंच, आम्ही कुठे शोधायला गेलो होतो?

"त्या फोनवाल्याचे शब्द सांग," सर अचानक मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "अर्थ नको. शब्द."

"तुमचा थोरला आमच्या इथे आहे."

"थोरला. मुलगा नाही म्हणाला?"

"नाही."

"मग लुबाडणाऱ्याला कसं ठाऊक, की मागे एक धाकटा आहे?"

मग सर याकोबाकडे परत वळले. योसेफने बापासाठी गाड्या पाठवल्या होत्या. त्या बघितल्यावर म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. जुने लोक सांगतात, त्या गाड्यांमध्ये खूण होती. ताटातूट झाली तेव्हा बाप-लेक जो धडा शिकत होते, त्या धड्याचा शब्द आणि गाडीचा शब्द त्यांच्या भाषेत जवळजवळ सारखे. ती खूण त्या दोघांनाच कळणार. "संशयी माणसाला शपथा घालून काय उपयोग?" सर म्हणाले. "त्याला खूण लागते. तू खूण माग."

मी शनिवारी सकाळी खेडची गाडी धरली. बाबा अंगणात भाताच्या पेंढ्याची दोरी वळत होते. मी त्यांच्या फोनवरून तो नंबर उतरवून घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. ते बघत होते, नाही म्हणाले नाहीत. पलीकडचा माणूस आमच्याच किनाऱ्याचा निघाला. गुजरातेतल्या एका बंदरावर बोटींत बर्फ भरायचं काम करायचा. म्हणाला, मंगेश बोटीवर खलाशी आहे, त्याचा फोन पाण्यात गेला. मागच्या फेरीत ताप आला तेव्हा घरचा नंबर देऊन ठेवला. आता बोट बाहेर आहे, पण तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, वायरलेसवर बोलतो.

"त्याला एक विचारा," मी म्हणालो. काय विचारावं हे मी गाडीतच ठरवलं होतं. लावणीत मला ओळ सरळ धरता येत नाही. मी लावलेली रोपं खाचरभर वळणं घेत जातात. दादा बांधावर उभा राहून त्या ओळीला एक नाव घेऊन हसायचा. "विचारा, माझ्या ओळीला तो काय म्हणतो."

"कसली ओळ?"

"त्याला कळेल."

बाबा मान खाली घालून म्हणाले, "लबाड असंल तर आता नंबर बदलंल." पण रविवारी ते शेताकडे गेले नाहीत. सोमवारी माझं कॉलेज होतं, मीही गेलो नाही. आई उगाच अंगण झाडत होती. झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"कशेडी घाट," तो माणूस म्हणाला. "बोलला, त्याच्या ओळीला मी कशेडी घाट बोलतो."

आई झाडू टाकून माझ्याजवळ आली. मी हसत होतो आणि मला दिसायचं बंद झालं होतं. बाबांच्या हातातली दोरी उलगडत गेली, ती त्यांनी धरली नाही.

"अजून एक हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा अवघडला. "त्यालापण एक विचारायचंय. बोलला, गणपतीत मी दुसऱ्याच्या फोनवरनं घरी लावला व्हता. बापूस बोलला, राँग नंबर, आन ठेवून दिलान. खरंच वळाखलं नाय, की वळाखून ठेवलान? तेवढं सांगा बोलला. मग येतो की नाय ते सांगतो."

आईने बाबांकडे बघितलं. मीही बघितलं. त्या क्षणी माझ्याही मनात तोच संशय होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाबा उठून आले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, आणि कोण, कुणाकडे, कशाला, यातलं काही विचारलं नाही.

"आरती चालू व्हती," ते म्हणाले. "टाळांच्या गलक्यात काय ऐकू नाय आलं. नवीन नंबर बघितला न् ठेवला. आवाज कानावर पडला असता तर..." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "त्याला सांग, मला नाय कळलं. आन विचार, बोट कधी लागते?"

पलीकडे वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्यात कुणाचं तरी हुंदक्यासारखं काहीतरी. मग तो माणूस म्हणाला,

"बोट लागली की, सकाळीच. तो हितंच हाय, माझ्या बाजूला उभा."